४० किलो मोफत, पण ठेवायचे कुठे?

रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीत प्रत्येक प्रवाशाला ४० किलो सामान मोफत नेता येते. सेकंड क्लासमध्ये ३५ किलो. नियम उदार आहे, पण हिशेब बघा. स्लीपरच्या एका कप्प्यात आठ प्रवासी, म्हणजे ३२० किलो. सामानाला जागा मात्र खालच्या तीन बर्थखालीच.

गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. लहान स्थानकावर गाडी जेमतेम दोन मिनिटे थांबते. तेवढ्यात आजी, पोरं आणि पाच बॅगा उतरवायच्या! परतीचे तांदूळ-नारळ वेगळेच. त्यापेक्षा माणशी पाठीवर एक सॅक, हातात एक पिशवी पुरे. चादरी, घरात घालायचे कपडे गावच्या घरी असतातच. ते मुंबईहून कशाला न्यायचे?