जवळचे ते न्यायाचे, असे कोणी सांगितले?

स्थानिक अन्नाची बाजू घेणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत एक सोपे समीकरण रूढ केले आहे: शेत जितके जवळ, तितके ताट निर्दोष. त्यांना उत्तर देणाऱ्यांचेही एक ठरलेले वाक्य आहे. संकरित बियाणे, रासायनिक खते आणि सरकारी गोदामे नसती तर आपण अजून अमेरिकेच्या बोटीची वाट पाहत बसलो असतो, हे ते वाक्य. एकाच्या खांद्याला कापडी पिशवी, दुसऱ्याच्या हातात आकडेवारी. आणि ज्याच्या पोटावरून हा वाद चालला आहे तो माणूस दोघांच्याही बैठकीबाहेर. मला दोन्ही पक्षांशी भांडायचे आहे. त्यातही स्थानिकवाद्यांशी जरा जास्त, कारण मी त्यांच्याच बाजूचा आहे.

पण आधी दुसऱ्यांचे ऐकून घेऊ. त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत जी भाकरी थापली गेली ती परदेशातून आलेल्या लाल मिलोची होती. तिला चव नव्हती, आणि जनावरांचे खाणे आम्हाला घातले, हे त्या पिढीने पुढे जन्मभर ऐकवले. तरीही ती भाकरी समुद्रापलीकडून आली म्हणून कमअस्सल, असे म्हणण्याचा हक्क ती खायची वेळ न आलेल्या माणसाला नाही. गावची ज्वारी करपून गेली होती. ज्याच्या पेवात धान्य शिल्लक होते तो बहुधा सावकार होता, आणि त्याच्या दारात उभे राहण्याची किंमत धान्याच्या भावात मोजली जात नव्हती. रेशनच्या दुकानात कार्ड दाखवावे लागते. निदान कायद्याने तरी जात दाखवावी लागत नाही.

हे ‘गावच्या अन्ना’चे गोडवे गाणारे विसरतात. बलुत्यावर, उष्ट्यावर, मेलेल्या जनावराच्या मांसावर ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठेवले गेले त्यांच्या दृष्टीने गावाने पुरवलेले अन्न ही काही आठवणीत रमण्याची गोष्ट नाही. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 साली आले; मराठवाड्यातल्या दलितांच्या खाद्यसंस्कृतीबद्दलचे ते पुस्तक ज्यांनी वाचले आहे त्यांनी तरी ‘आजीच्या काळातले सात्त्विक अन्न’ हा शब्दप्रयोग सांभाळून वापरावा. कोणाच्या आजीच्या? डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत खेड्याच्या उदात्तीकरणावर जो हल्ला चढवला त्याचे उत्तर सेंद्रिय बाजार भरवणाऱ्यांनी अजून दिलेले नाही.

इतके मान्य करूनही आकडेवारीवाल्यांचा निष्कर्ष चुकतो. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसे राबत होती. खडी फोडली, पाझर तलाव खणले, आठवड्याला मजुरी घेतली आणि त्या मजुरीवर धान्य विकत घेतले. माणसे जगली ती या हातातल्या पैशावर. धान्य असणे आणि ते माणसापर्यंत पोचणे यांतली दरी अमर्त्य सेन यांनी 1981 च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिली. बंगालमध्ये 1943 साली लाखो लोक मेले तेव्हा भात पार संपला नव्हता, तो विकत घेण्याची ऐपत संपली होती. तेव्हा 1972 चे श्रेय द्यायचेच तर ते मागेल त्याला काम देण्याच्या हमीला द्या. ती हमी पुढे 1977 च्या कायद्यात आली. खताच्या गोणीचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

आता स्थानिकवाद्यांकडे वळतो. त्यांना मी दोन उदाहरणे देतो: ऊस आणि द्राक्ष.

उसाइतके ‘स्थानिक’ पीक महाराष्ट्रात दुसरे नसेल. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक उतरत जाते, त्यामुळे तो लांब नेताच येत नाही. कारखाना शेताच्या जवळच हवा. तो कारखाना कोणा परदेशी कंपनीने काढला असेही नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी कारखाना उभा केला, आणि तो आदर्श घेऊन राज्यभर कारखाने निघाले. मालक स्थानिक, माल स्थानिक, निवडणूक स्थानिक. स्थानिक अन्नव्यवस्थेच्या पुस्तकात जे जे लिहिले आहे ते सगळे इथे आहे.

आणि तरीही. राज्याच्या पेरणीक्षेत्रात उसाचा वाटा फार तर पाच-सहा टक्के, सिंचनाच्या पाण्यात निम्म्याहून अधिक. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्याच हंगामात मराठवाड्यातले कारखाने ऊस गाळत होते. आणि तोडणीला येणारी माणसे? दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायको निघतात. दोघे मिळून ‘एक कोयता’. हिशेबाच्या वहीतही तसेच लिहितात. बाईचे नाव वेगळे नसते. पहाटे अंधारात फडात उतरायचे, तोडायचे, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या, संध्याकाळी खोपटात येऊन चूल पेटवायची. एक दिवस पडला की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून वळते. पाळीचे दिवस, बाळंतपण यांना त्या वहीत रकाना नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे उघडकीस आले तेव्हा 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. ज्या कारखान्यात सभासदाला वार्षिक सभेत उभे राहून अध्यक्षाला धारेवर धरता येते, त्याच कारखान्यात या बाईला तोंड उघडायला जागा नाही. ती सभासद नाही. कागदोपत्री ती कारखान्याची कामगारही नाही. ती मुकादमाची माणूस.

उलट बाजूला द्राक्ष. नाशिकचे द्राक्ष बोटीने युरोपात जाते, म्हणजे अंतराच्या हिशेबाने ते पापीच ठरायला हवे. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले म्हणून युरोपने आपला माल अडवला. बागायतदारांचे मोठे नुकसान झाले, आरडाओरड झाली. पण निर्यातीच्या बागेची नोंदणी, फवारणीची वही, प्रयोगशाळेतली तपासणी आणि पेटीवरून थेट बाग शोधून काढण्याची सोय ही सगळी शिस्त त्या दूरच्या गिऱ्हाइकाच्या धाकाने आली आणि पक्की झाली. निर्यातीत नापास झालेला माल कुठे जातो? हातगाडीवर. तुमच्या-आमच्या गल्लीत, अगदी ‘स्थानिक’ होऊन. हॅम्बुर्गमधल्या मुलाच्या तोंडात पडणाऱ्या मण्याची चौकशी होते. पंचवटीतल्या मुलाच्या मण्याची कोणी करत नाही.

आता सांगा, यात अंतराचे काम काय? अन्नाच्या एकूण हवामान-भारातही वाहतुकीचा हिस्सा बहुतेक पदार्थांत थोडाच असतो. काय पिकवले आणि कसे पिकवले याचा मोठा. मैल मोजण्यात गुंतलेली नीती मूळ प्रश्न चुकवते. मूळ प्रश्न असा, की ताटातल्या घासापायी ज्याचे पाणी, हाड किंवा जमीन झिजते, त्याला जाब विचारता येतो का, आणि विचारला तर उत्तर द्यायला कोणी बांधील आहे का. युरोपच्या गिऱ्हाइकाला कायद्याने तो अधिकार दिला. रोजगार हमीच्या मजुराला मिळाला. कोयत्याला मिळाला नाही. जवळ असून मिळाला नाही.

इथवर आल्यावर आकडेवारीवाले खूश होतील, म्हणून त्यांचा उरलेला हिशेब मिटवतो. ते म्हणतात, लोकांनाच गहू-तांदूळ हवा आहे, ज्वारी मागे पडली ती लोकांच्या पसंतीने. पसंती? भारतीय अन्न महामंडळ 1965 साली निघाले आणि त्याने पंजाब-हरियाणाचा गहू-तांदूळ हमीभावाने उचलून देशभर पोचवला. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू दोन रुपये किलो, तांदूळ तीन. 2023 पासून दोन्ही फुकट. त्याच कायद्यात भरड धान्याचा एक रुपया दरही लिहिला आहे, पण महाराष्ट्रात दुकानात ते येते अधूनमधून, काही जिल्ह्यांत. एकीकडे फुकटचा गहू आणि दुसरीकडे बाजारभावाची ज्वारी ठेवायची आणि मजूर बाईने गहू उचलला की तिची आवड बदलली म्हणायचे, हा शुद्ध कांगावा आहे. उसाला दराचा कायदा, 14 दिवसांत पैसे देण्याचे बंधन. मालदांडी ज्वारीला 2024-25 मध्ये क्विंटलला 3,421 रुपये हमीभाव जाहीर झाला, पण पुरेशी खरेदी केंद्रे नसतील तर तो आकडा छापून आल्याचे समाधान तेवढे उरते.

मालदांडीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण मी जिची वकिली करतो आहे ती ही. मोहोळच्या केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडलेले हे वाण. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परतीच्या पावसानंतर काळ्या रानात पेरायची आणि नंतर वरून थेंब न पडता, जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती येते. फुटलेल्या भेगांत पाऊल जाईल अशा रानात पुरुषभर उंच उभी असते. ती काढणे मात्र सोपे नाही. धाटे मुळासकट उपटायची, एकेका हिसक्याला कंबरेतून जोर, तळहाताला फोड. कणसे मोडताना अंगावर कूस, रात्रभर खाज. म्हणून काढणीला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर मजुरी परवडत नाही. हेक्टरी दाणा टनाच्या आसपास. गव्हाशी तुलना केली की ज्वारी हरते. पण तुलना करणारा कडबा मोजत नाही, पाणी मोजत नाही, आणि पंजाबच्या उपसलेल्या विहिरींची खोली तर नाहीच नाही.

भाकरी थापण्याच्या कष्टांचेही बोलले पाहिजे. स्थानिक अन्नाच्या लेखांत हे कष्ट ‘परंपरा’ या शब्दात गडप होतात. पीठ चार दिवसांत जुने होते, मग भाकरी चिरते; रोज ताजे दळण, रोज तव्यापुढे तास-दीड तास, आणि तो तास नेहमी बाईचाच. सोलापुरात कडक भाकरीचे घरगुती उद्योग बायकाच चालवतात, पण निदान त्यात त्यांच्या हाताला दाम आहे. सार्वजनिक जेवणात, अंगणवाडीत, वसतिगृहात ज्वारी आणायची तर स्वयंपाकिणीची मजुरी त्या हिशेबात आधी धरा. नाहीतर टिकाऊ अन्नव्यवस्था म्हणजे फुकट राबणारी सून, एवढाच अर्थ होईल.

ज्वारीची अशी व्यवस्था हे स्वप्नरंजन नाही, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. तेलंगणात झहीराबादजवळ डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांतल्या, म्हणजे गावोगावच्या महिला गटांतल्या, दलित बायकांनी 1990 च्या दशकात स्वतःचे रेशन उभे केले. पडीक रानासाठी शेतकऱ्यांना कर्ज दिले, परतफेड ज्वारीत घेतली, ती गावातच साठवली आणि टंचाईच्या महिन्यांत कमी दराने वाटली. कोणाला किती, हे गरिबीनुसार गावातल्या बायकांनीच ठरवले. धान्य जवळचे होते, हे खरेच. पण त्या व्यवस्थेचे बळ याद्या त्यांच्या हातात असण्यात होते. कर्नाटकाने उत्तरेकडच्या जिल्ह्यांत रेशनवर ज्वारी आणि दक्षिणेत नाचणी दिली. ओडिशाने 2017 पासून नाचणीची मोहीम सरकारी पैशाने चालवली. आणि फतवा काढून एका रात्रीत सेंद्रिय होण्याचे काय होते तेही आपण पाहिले: श्रीलंकेने 2021 च्या वसंतात रासायनिक खतांची आयात थांबवली, भाताचे पीक कोसळले आणि नोव्हेंबरात माघार घ्यावी लागली. शेतकऱ्याला कोणी विचारलेच नव्हते.

माझी मागणी लहान आहे. सोलापूर, बीड, धाराशिव, अहिल्यानगर या जिल्ह्यांत सरकारने रब्बी ज्वारी खरोखर हमीभावाने उचलावी आणि त्याच जिल्ह्यांच्या रेशनवर, अंगणवाडीत, आश्रमशाळेत द्यावी. ज्याला गहू हवा त्याला गहू मिळत राहो. वाटपाची यादी आणि मालाचा दर्जा तपासण्याचा अधिकार कार्डधारक बायकांच्या समितीला असावा, तलाठ्याच्या मर्जीवर नको.

यावर एक आक्षेप मला कारखान्याशी संबंधित एका गृहस्थांनी ऐकवला आणि तो खरा आहे. रब्बीची ज्वारी रानात वाढते त्याच महिन्यांत ऊसतोड चालते. कोरडवाहू रानात ज्वारी परवडू लागली तर बीडचे कोयते घरी राहतील, तोडणीची मजुरी वाढेल आणि साखर महागेल. महागेल. तो वाढीव पैसा आजवर कोणाच्या अंगावरून वसूल होत होता, हे गोऱ्हे समितीच्या कागदांत लिहिलेले आहे.