शब्दांची पारख : ‘वाचाळ’

सुपा (तालुका पारनेर) येथील एका वाचकभगिनींनीं ‘वाचाळ’ या शब्दाविषयीं पृच्छा केली आहे. त्यांची नऊ वर्षांची कन्या पंक्तींत प्रश्न विचारूं लागली कीं घरांतील वडील मंडळी तिला ‘वाचाळ’ म्हणून गप्प बसवितात. हा शब्द तिला लागू पडतो काय, असें त्या विचारतात.

मूळ संस्कृत शब्द ‘वाचाल’. पाणिनीनें पाठोपाठच्या दोन सूत्रांत वाग्मी आणि बहुभाषी हे दोघे वेगळे केले असून, बहुभाष्यास वाचाल किंवा वाचाट म्हटलें आहे. पुढील वैयाकरणांनीं त्याचा खुलासा केला कीं, पुष्कळ परंतु नीट बोलणारा तो वाग्मीच. वाचाल हें पद निंदेपुरतेंच योजावें. अमरकोशाचा कौलही तसाच आहे. गीताध्यानांत ईश्वरकृपेनें मुका वाचाल होतो तो गौरवाच्या अर्थानें. मराठींत मात्र दूषणच रूढ झालें.

तेव्हां हा शब्द बोलण्याची लांबी मोजीत नाहीं, सारासार पाहतो. सूप दाणे मोजीत बसत नाहीं, फोल तेवढें पाखडून टाकतें, त्यांतलाच हा प्रकार. नुसत्या बोलण्यासाठीं मराठींत निराळे शब्द आहेत. लहान मूल बडबडें, मनमोकळें माणूस बोलकें, बोलून कांहीं न करणारा बोलघेवडा, उर्मटपणें उलट बोलणारा तोंडाळ. प्रश्न विचारणाऱ्या मुलास तर आपण कौतुकानें ‘चौकस’ म्हणतों. मग मुलीनेंच काय अपराध केला?

याच जिल्ह्यांत, नगरास (आजचें अहिल्यानगर), लक्ष्मीबाई टिळकांनीं आयुष्याचीं बरींच वर्षें काढलीं. शाळेंत न जातां घरींच लिहावाचावयास शिकलेल्या या बाईंनीं बोलावें तशीं लिहिलेलीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालीं, आणि मराठी गद्याचें भूषण ठरलीं. त्या मोकळ्या वाणीस लहानपणींच कुलूप बसतें, तर नुकसान आपलेंच होतें.

वडील मंडळींस आमची विनंती एवढीच कीं, आधीं मुलीच्या प्रश्नाचें उत्तर द्यावें. उत्तर न ऐकतांच ती बोलत राहिली, तर हा शब्द खुशाल काढावा. तोंवर ‘चौकस’ हा शब्द तिलाही शोभेल.