पेढीचे नाव कोणाच्या हाती सोपवावे?

गेल्या महिन्यात एका साखरपुड्याच्या निमित्ताने मुरुमला जाणे झाले. सोलापूर–हैदराबाद महामार्ग सोडून मुरुम मोडावरून आत वळले, की काळ्या रानांतून रस्ता गावाकडे जातो. उमरगा तालुक्यातील ही जुनी बाजारपेठ. एका अंगाला लातूर आणि सीमेपलीकडे कलबुर्गी, ही डाळीच्या व्यापाराची दोन मोठी केंद्रे. समारंभ आटोपल्यावर यजमान मला आपल्या पेढीवर घेऊन गेले. आजोबांनी अडतीचे दुकान घातले, वडिलांनी डाळमिल उभी केली आणि आता मुलगा तूरडाळीच्या एक किलोच्या पिशव्या स्वतःच्या नावाने बाजारात आणू पाहतो आहे.

“काका, इतकी वर्षे आपली डाळ पोत्यांतून जाते,” मुलगा म्हणाला, “आणि पुण्या-हैदराबादेत ती दुसऱ्याच्याच नावाने विकली जाते. आपले नाव गिऱ्हाइकापर्यंत पोहोचतच नाही.” त्यासाठी त्याला मार्केटिंगची दोन-तीन माणसे पगारावर नेमायची होती. वडील गादीवर शांत बसून ऐकत होते. ते म्हणाले, “माणूस नेमायला माझी ना नाही. पण परक्या माणसाला गिऱ्हाइकांची यादी दाखवायची, आणि वर्षभराने तो समोरच्या मिलमध्ये जाऊन बसला, तर?”

दोघांचेही म्हणणे खरे होते. आपल्या समाजातील अनेक पेढ्या आज याच उंबरठ्यावर उभ्या आहेत, म्हणून या वेळच्या सदरात हाच विषय घेतला आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो घ्यायला कोणी पुढे येईना. लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. माल उत्तम होता, पण त्यावर विश्वास नव्हता. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, कारखाना वाढला आणि जाहिरातीचे काम त्यांचे पुतणे शंकरराव यांच्याकडे आले. शंकरराव हे चित्रकार. लाहोरला पंडित सातवळेकरांकडे त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले होते. नांगराच्या कारखान्यात चित्रकाराचे काय काम, असे त्या काळी कोणालाही वाटले असते. याच शंकररावांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे गृहपत्र सुरू केले. १९२९ मध्ये त्याचे नाव ‘किर्लोस्कर’ झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे त्याला लाभली. नांगर कधीही विकत न घेणाऱ्या घरांतूनही किर्लोस्कर हे नाव आदराने उच्चारले जाऊ लागले.

या उदाहरणातून माझ्या मते दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, नावाचे काम पाहणारा माणूस कारखान्याच्या आवारातच राहत होता. नांगर कसा ओततात आणि शेतकरी तो का नाकारतो, हे त्याला रोज दिसत होते. दुसरी, त्याच्या कलेला वाव मिळाला आणि वेळही मिळाला. मासिकाचे फळ एका हंगामात हाती येत नसते.

आपल्या समाजातील उदाहरणेही डोळ्यांसमोर आहेत. हुकमीचंद आणि कमलबाई चोरडिया या दांपत्याने १९६२ मध्ये पुण्यात मसाल्यांचा व्यवसाय सुरू केला. मसाला घराघरांत कुटला जात असताना तो विकत घ्यावा असे गृहिणीला वाटायला लावणे, हेच तेथे खरे काम होते. जळगावच्या भवरलालजी जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या व्यापारापासून आरंभ केला. पुढे पाइप आणि ठिबक सिंचन आले, तेव्हा शेतकऱ्याला माल विकण्याआधी त्याला पाण्याचा हिशेब समजावून देणे भाग होते. त्यासाठी शेतीशास्त्र जाणणारी माणसे कंपनीत घेतली गेली आणि जैन हिल्सवर प्रत्यक्ष पिके दाखवण्याची सोय झाली. मार्केटिंग या शब्दाचा हाच अर्थ मला जवळचा वाटतो. गिऱ्हाइकाची शंका ओळखावी आणि तिचे निरसन करावे.

आता मुरुमच्या प्रश्नाकडे वळू. विक्री आणि विपणन यांत आपण नेहमी गल्लत करतो. विक्री करणारा या महिन्याचा माल खपवतो. विपणन करणारा पुढच्या वर्षी गिऱ्हाईक आपले नाव घेऊन माल मागेल, अशी व्यवस्था लावतो. पहिल्याला कमिशन देता येते, दुसऱ्याला नियमित पगारच द्यावा लागतो. दोन्ही कामे एकाच माणसाच्या गळ्यात बांधली, तर तो महिनाअखेरच्या आकड्यामागे धावतो आणि नाव मागे राहते.

म्हणून एकदम तीन माणसे घेऊ नयेत. आधी एकच घ्यावा. मोठ्या शहरातील मोठ्या पदव्यांपेक्षा त्याला किराणा दुकानदाराशी तासभर बोलता येते का, हे पाहावे. पहिले तीन महिने त्याने एकही जाहिरात करू नये. मिलमध्ये उभे राहावे, बाजार समितीतील लिलाव पाहावा, सोलापूर-लातूरच्या दुकानांतून फिरावे. आपली डाळ किती वेळात शिजते, पिशवी कोठे फाटते, दुकानदार दुसऱ्याची पिशवी पुढे का ठेवतो, हे त्याने एका वहीत लिहावे. ती वही मालकाने दर आठवड्याला स्वतः वाचावी. त्यानंतरच मजकूर व छायाचित्रे करणारा दुसरा माणूस नेमावा, आणि मागणी व तक्रारींची नोंद ठेवणारा तिसरा. काम मोजायचे ते किती दुकानांनी न सांगता दुसऱ्यांदा माल मागवला, यावरून. मोबाइलवरील पसंतीचे आकडे त्यापुढे गौण आहेत.

वडिलांच्या भीतीचे काय? ती अनाठायी नाही, पण तिच्यावर उपाय आहे. खरेदीचा भाव आणि उधारीच्या अटी पहिल्या दिवशी कोणाला दाखवण्याची गरज नसते. दुकानदारांची यादी मात्र दाखवावीच लागेल, अन्यथा त्याने काम तरी कसे करावे? नेमणूकपत्रात गोपनीयतेचे कलम असावे. बोधचिन्हाची नोंदणी पेढीच्या नावे करावी. ती दहा वर्षे टिकते आणि पुढे नूतनीकरण होते. समाजमाध्यमांवरील खाती, व्हॉट्सअॅपचा क्रमांक आणि छायाचित्रे यांची मालकीही पेढीचीच असावी. पुष्कळ ठिकाणी ती कर्मचाऱ्याच्या खासगी मोबाइलवर असतात आणि तो गेला की तीही जातात. इतके केले की माणूस गेला, तरी नाव घरातच राहते. आणि मान मिळाला, तर माणूसही सहसा जात नाही. मुनीमजींच्या दोन-दोन पिढ्या आपल्या पेढ्यांवर राहिल्या, त्या काही कलमांमुळे राहिल्या नव्हत्या.

पिशवीवर नाव आले की जबाबदारीही येते. निव्वळ वजन, किंमत, पॅक केल्याचा महिना, पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि अन्न परवान्याचा क्रमांक छापावा लागतो. २०२२ च्या जुलैमध्ये लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद डाळीवर पाच टक्के जीएसटी लागू झाला, तेव्हा सुट्या आणि पॅकबंद मालाचा हिशेब वेगळा मांडणे आलेच. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खरे तर आपल्याला कायद्याच्या आधीच हे शिकवलेले आहे. श्रावकाच्या अणुव्रतांच्या अतिचारांत खोटा लेख, कमी-अधिक माप आणि अस्सलात नक्कल मिसळणे यांची नावे घेऊन नोंद आहे. नव्या माणसाला नेमताना मालकाने हे स्पष्ट सांगावे, की जे आपल्या डाळीत नाही ते तिच्या पिशवीवर लिहायचे नाही. हे सांगण्याचे काम दुसऱ्या कोणावर सोपवता येत नाही.

निघताना चहा आला. धाकट्या सूनबाईंनी तो आणून ठेवला आणि जाता जाता पिशवीच्या नमुन्याकडे पाहून म्हणाल्या, “काका, यावर डाळ किती वेळ भिजवायची ते लिहिलेले नाही. पुण्यात नोकरी करणारी बाई तेच आधी पाहते.” चौकशी केली तेव्हा कळले, लग्नापूर्वी त्या पुण्यात एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत याच कामावर होत्या. दोन वर्षे घरात मार्केटिंगचा माणूस शोधण्याची चर्चा चालली होती. त्यांना कोणी विचारले नव्हते.

मी यजमानांना इतकेच म्हणालो, की विचारायचे असेल तर रीतसर विचारा. पद ठरवा, पगार ठरवा, गादीजवळ टेबल द्या आणि त्यांचा निर्णय चुकला, तर इतर कर्मचाऱ्याला सांगाल तसेच सांगा. घरचे माणूस म्हणून फुकट राबवणे आणि घरचे माणूस म्हणून चूक पोटात घालणे, या दोन्हींनी पेढीचे नुकसानच होते. शिवाय त्या ‘नाही’ म्हणाल्या, तर तेही मनापासून मान्य करा.

यजमान काही बोलले नाहीत. त्यांनी नमुन्याची पिशवी उचलली, चष्मा लावला आणि मागची बाजू पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.