‘थंड रक्ता’ची थाप

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण उटणे लावून कढत पाण्याने न्हातो, आणि गीझरचे पाणी जरा कोमट निघाले तर घर डोक्यावर घेतो. त्याच घरात शोभेच्या कपाटावर काचेच्या वाडग्यात एक कासव असते. त्याचे पाणी किती गार आहे, हे कोणी कधी बोट बुडवून पाहिले आहे काय? मी पाहिले नव्हते.

गेल्या डिसेंबरात आमचे कासव मेले. ‘बाबा, ते जेवत नाही, वाकडे पोहते,’ असे मुलीने तीनदा सांगितले. मी पडलो मास्तर! ऐटीत म्हणालो, ‘अगं, थंड रक्ताचा प्राणी तो. त्याला थंडीचे काय?’

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. पण वर्गात मीही हाच शब्द घोकून घेत आलो आहे. याच्याइतका फसवा शब्द पाठ्यपुस्तकात दुसरा नसेल. उन्हात बसलेल्या कासवाचे रक्त चांगले ऊन असते. त्याच्या अंगात स्वतःची चूल नसते, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. आपण खाल्लेल्या भाकरीतून आतल्या आत ऊब करतो. त्याची चूल आकाशात. तापायचे तर उन्हात यावे, निवायचे तर पाण्यात उतरावे, ह्या जाण्यायेण्यावर त्याचा जीव चालतो. गारठला की भूक मरते, पोटातले अन्न पचत नाही, रोगाशी झुंजायची ताकद सरते. नाकाशी बुडबुडे आले, एका अंगावर कलून पोहू लागले, की बहुधा फुप्फुसाला रोग धरलेला असतो. ते वाकडे पोहणे पाहून आम्ही हसलो होतो.

आपल्याकडचे चांदणी कासव घरात ठेवणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. म्हणून दुकानात मिसिसिपीच्या खोऱ्यातले, कानाशी तांबडा पट्टा असलेले पिल्लू मिळते. आमच्या दुकानदाराने वाडगे विकले, खाणे विकले. उष्णतेविषयी चकार शब्द काढला नाही. ह्या प्राण्याला पाणी २४ ते २७ अंशांचे लागते. कोरड्या दगडावर दिवा हवा, त्याखाली सुमारे ३२ अंश. दुसरे टोक मात्र गार, म्हणजे नको झाले की सरकता येईल. अतिनील किरणांची नळी वेगळी, कारण खिडकीची काच ते किरण अडवते आणि त्यांवाचून कवच मऊ पडते. तापमापक दोन्ही टोकांना. आणि पश्चात्ताप होऊन वाडगेच उन्हात नेऊन ठेवाल, तर सावलीविना ते पिल्लू उकडून मरेल.

‘तिकडे बर्फ पडतो, तरी जगतातच की!’ असे एक विद्वान मला म्हणाले. जगतात. तिथे तळ्याचे पाणी आठवड्याआठवड्याने गार होत जाते, पोट रिकामे होते, आणि मग कासव तळाशी निपचित पडून राहते. आपल्या दिवाणखान्यात दुपारी ऊब, रात्री गारठा, आणि वर सकाळी मूठभर खाणे! त्याला धड झोपही नाही आणि धड जागही नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या एका स्नेह्यांनी, कासव घरात शुभ असते म्हणून, मुलीला दुसरे देऊ केले. तिने विचारले, ‘काका, दिव्यासकट देणार ना?’ तेव्हापासून त्यांचा फोन नाही.