चार सिंहासनं आणि एक टुमनस

गेल्या शनिवारी भाचीला सोबत म्हणून 'नार्निया'चा २००५ सालचा पहिला सिनेमा पुन्हा पाहिला. राहवेना, म्हणून रविवारी सी. एस. लुईसचं १९५० सालचं मूळ पुस्तकही कपाटातून काढलं. आणि लहानपणी ज्या भविष्यवाणीनं अंगावर काटा यायचा, तीच ह्यावेळी खटकली.

ज्यांनी वाचलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. नार्नियावर पांढऱ्या चेटकिणीचं राज्य आहे. वर्षानुवर्षं नुसता हिवाळा, पण नाताळ कधीच येत नाही. प्रजेच्या तोंडी एक जुनी भविष्यवाणी आहे: केअर पॅराव्हेलच्या किल्ल्यातल्या चार सिंहासनांवर माणसांचे दोन मुलगे आणि दोन मुली बसल्या, की चेटकिणीचं राज्यही संपणार आणि चेटकीणही.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा अर्धवट स्पेक आहे. शेवटी काय व्हायला हवं ते लिहिलंय. पण डेडलाइन नाही, आणि काम कोणाच्या नावावर तेही नाही!

गंमत म्हणजे ह्या भविष्यवाणीवर सगळ्यात जास्त विश्वास चेटकिणीचाच. आपल्या कंसासारखाच. तिचा हुकूम असतो, माणूस दिसला की माझ्या हवाली करा. पुढे एडमंड तिच्या तावडीत सापडतो तेव्हा ती स्वतःच हिशोब मांडते: तीनच सिंहासनं भरली तर भविष्यवाणी खरी कशी होणार? म्हणजे चौघांतला एक मारला की काम झालं.

आणि प्रजा? प्रजा वाट बघतेय.

अपवाद मिस्टर टुमनस. अर्धा माणूस, अर्धा बकरा, स्वभावानं भित्रा. चेटकिणीचा पगारी माणूस. छोट्या लूसीला चहाला बोलावतो, बासरी वाजवून झोपवतो, आणि मग त्याला रडूच फुटतं. सगळं कबूल करतो आणि तिला परत दिव्याच्या खांबापाशी नेऊन सोडतो. ह्यापायी त्याचा दगड होतो. त्यानं त्या दिवशी हुकूम पाळला असता, तर चार सिंहासनांचा हिशोब तिथेच चुकला असता. पण भविष्यवाणीत टुमनसचा उल्लेखसुद्धा नाही!

हे लागण्याचं कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टमध्ये टेस्टचे निकाल 'दुरुस्त' करून क्लायंटला जायचे. आम्हा सहाजणांना ठाऊक होतं. टपरीवर रोज एकच चर्चा: नवीन डायरेक्टर येतोय, तो आला की हे बंद होईल. ही आमची भविष्यवाणी. शेवटी आठ महिन्यांपूर्वी लागलेल्या एका टेस्टर मुलीनं रिपोर्टवर आपलं नाव घालायला नकार दिला, तसं मेलवर लिहून दिलं. तिला प्रोजेक्टवरून काढलं, पुढे तिनं नोकरीच सोडली. नंतर डायरेक्टर आले, त्याच मेलच्या आधारावर त्यांनी सगळं थांबवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांच्यासाठी.

भविष्यवाणी वाईट नसते. थंडीत तग धरायला ती लागतेच. पण 'कोणीतरी येणार आहे' म्हणताना आपण आज हुकूम पाळायची सोय करून घेतो, त्याचं काय?

असो. पुस्तकात अस्लान येतो आणि दगड झालेल्या टुमनसवर फुंकर घालून त्याला जिवंत करतो. आमच्या गोष्टीत तसं कोणी आलं नाही. मी तिला साधा फोनही केला नव्हता. आज करावा म्हणतोय.