माजघरांतलें लोकमत

शाळांतून लैंगिक शिक्षण द्यावें कीं न द्यावें, हा वाद आपल्याकडे नवा नाहीं. वाद निघाला कीं एक पक्ष म्हणतो, ‘लोकांना हें हवें आहे’. दुसरा तितक्याच ठामपणें म्हणतो, ‘लोकांना हें मुळींच नको.’ या शिक्षणाच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली आहे व पुढेंही होईल. आज आम्हांस वाचकांपुढें निराळा प्रश्न ठेवावयाचा आहे. हे ‘लोक’ म्हणजे कोण, आणि त्यांचें मत कोणीं व कोणत्या रीतीनें विचारलें?

एक उदाहरण पाहूं. २००५ सालीं केंद्र सरकारनें शाळांसाठीं किशोरवयीनांच्या शिक्षणाचा एक कार्यक्रम आंखला. २००७ सालीं त्यांतील साहित्यावर, विशेषतः चित्रांवर, आक्षेप निघाले आणि महाराष्ट्रासह कित्येक राज्यांनीं तो थांबविला. पुढें हें प्रकरण एका अर्जाच्या रूपानें राज्यसभेच्या याचिका समितीपुढें गेलें. या विषयावर देशभर चर्चा व्हावी व एकमत घडवावें, अशी अर्जदारांची मागणी होती. श्री. वेंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीनें २००९ सालीं, असें शिक्षण शाळांतून देऊं नये, असा अभिप्राय दिला.

याच सुमारास मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनीं महाराष्ट्र धरून सहा राज्यांत तरुणांची पाहणी केली. पन्नास हजारांहून अधिक तरुण-तरुणींना प्रश्न विचारले गेले. त्यांतील पंधरा ते चोवीस वयाच्या पांचांपैकीं सुमारें चौघांनीं, असें शिक्षण मिळणें महत्त्वाचें आहे, असें सांगितलें. प्रत्यक्ष तें मिळालेले मात्र फारच थोडे निघाले.

देश एक, काळ जवळजवळ तोच, आणि निष्कर्ष मात्र परस्परविरुद्ध! यांत कोणी लबाडी केली असें मानण्याचें कारण नाहीं. समितीपुढें जो आपण होऊन निवेदन घेऊन जातो, तो बहुधा त्या विषयानें आधींच पेटलेला असतो. पाहणी करणारा उलट ठरलेल्या पद्धतीनें घरें निवडतो आणि एरवीं जो कधीं बोलला नसता त्याच्याकडेही जातो. शितावरून भाताची परीक्षा होते हें खरें. परंतु सगळीं शितें वरच्याच थरांतून घेतलीं, तर खालचा भात करपला आहे हें कसें कळावें?

दुसरी गोष्ट प्रश्नांतील शब्दांची. ‘लैंगिक शिक्षण’ एवढें नांव घेतलें कीं प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें निराळें चित्र उभें राहतें आणि उत्तर त्या चित्राला मिळतें. तेंच नांव बाजूस ठेवून विचारून पाहावें : पहिल्या पाळीपूर्वीं मुलीला तिची माहिती असावी काय? नकोसा स्पर्श झाल्यास ‘नको’ म्हणावें व घरीं येऊन सांगावें, हें मुलाला शिकवावें काय? आवाज फुटूं लागला म्हणजे शरीरांत काय घडतें, हें त्यास कळावें काय? नांवाला नकार देणारी पुष्कळ मंडळी या प्रश्नांना सहज होकार देतील असें आम्हांस वाटतें. अर्थात् प्रश्न दुसऱ्या बाजूसही वांकवितां येतो. ‘मुलांना शास्त्रीय ज्ञानापासून वंचित ठेवावें काय?’ असें विचारल्यावर ‘हो, ठेवावें’ म्हणणारा विरळाच! असा प्रश्नही तितकाच सदोष होय.

तिसरी गोष्ट उत्तर देणाराच्या भोंवतालची. एकत्र कुटुंबांत पाहणी करणारा आला म्हणजे बैठकीच्या खोलींत वडीलधारे बोलतात. सूनबाई चहा ठेवून आंत जातात. मुलांना खेळावयास पिटाळलें जातें. मग एका मुखानें दिलेलें उत्तर साऱ्या घराच्या नांवावर मांडलें जातें. वर सांगितलेल्या पाहणींत मुलींना स्त्रियांनीं व मुलांना पुरुषांनीं प्रश्न विचारले आणि अगदीं नाजूक उत्तर कागदावर खूण करून बंद पाकिटांत देण्याची सोय ठेवली होती. चारचौघांत जें बोलवत नाहीं तें एकांतांत लिहवतें, हा अनुभव महाराष्ट्रास जुनाच आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाकडे वाचक असेच प्रश्न पाठवीत. अशा प्रश्नांना छापून दिलेल्या उत्तरांबद्दल कर्व्यांवर खटला झाला आणि १९३४ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनें न्यायालयांत उभे राहिले. खटला हरला, पण समाजाला प्रश्न पडतच नव्हते, असें त्यानंतर कोणास म्हणतां आलें नसतें.

ही केवळ पद्धतीची चिकित्सा नव्हे. ज्या २००७ सालीं हा कार्यक्रम थांबला, त्याच सालीं केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. शंभरांतील त्रेपन्न मुलांनीं कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचें सांगितलें. त्यांत मुलगे निम्म्याहून अधिक होते. अत्याचार करणारांपैकीं निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाचे होते. आणि बहुतेक मुलांनीं ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. ज्या घरांनीं ‘आमच्याकडे याची गरज नाहीं’ असें मत दिलें असेल, त्यांतही अशीं मुलें असतील.

विरोध करणाऱ्या पालकांची चिंता आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. कोणत्या वयास किती सांगावें, सांगणारा शिक्षक त्या योग्यतेचा आहे काय, मराठींत सभ्य व सोपे शब्द कोणते, हे प्रश्न खरे आहेत. पाहणींत त्यांनाही जागा हवी. पण ‘हें शिकवणें घराचें काम आहे’ असें जो म्हणेल, त्यास पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे : मग आपल्या घरीं तें कोणीं सांगितलें, केव्हां, आणि काय सांगितलें? मत सांगणें सोपें असतें. कृति विचारली म्हणजे मताचें खरें वजन कळतें.

तेव्हां वाचकांस आमची एक सूचना आहे. सरकारच्या पाहणीची वाट न पाहतां ही चौकशी प्रथम आपल्याच घरांत करावी. आजोबांना, आजींना, सुनांना, मुलांना निरनिराळें विचारावें. मोठ्या मुलामुलींना चिठ्ठीवर, नांव न घालतां, मनांत असेल तें लिहूं द्यावें. आणि अक्षर ओळखलें तरी तें ओळखलें नाहीं असें समजावें. त्या चिठ्ठ्या वाचल्यावरही कोणाचें मत बदलणार नाहीं, तर न बदलो; पण तें मत मग साऱ्या घराला विचारून झालेलें असेल.