प्रश्न मुलांना विचारू द्या

मे महिन्याच्या सुट्टीतील बायबल शाळांची तयारी सुरू झाली की संडे स्कूलचे शिक्षक हमखास विचारतात, यंदा मुलांसाठी कोणतं पुस्तक घ्यावं? आमचं सांगणं एवढंच : पाठाच्या शेवटी प्रश्न कोण विचारतो, ते आधी बघा.

यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातले बारा धोंडे गिलगालात उभे केले. कशासाठी? तर पुढे मुलांनी ते पाहून बापाला विचारावं म्हणून. वल्हांडणाच्या विधीतही मूल विचारणार, हे गृहीतच धरलेलं आहे. दोन्हीकडे विचारतं मूल आणि सांगतात घरची माणसं. आपल्या पुस्तकांत मात्र गोष्ट संपली रे संपली की मोठी माणसं परीक्षा घेतात. नोहाच्या तारवाला मजले किती? तीन. मुलाच्या मनात असतं, बुडालेल्यांचं काय झालं? त्याला पुस्तकात जागाच नसते.

पाठांतराला आमचा विरोध नाही. तोंडपाठ वचन आजारपणात, परगावी माणसाला धीर देतं. सॅक्सनीतल्या मंडळ्यांना भेटी देताना दिसलेलं अज्ञान पाहून मार्टिन लूथरने १५२९ साली छोटी प्रश्नोत्तरावली लिहिली. तीही घोकण्यासाठीच होती. पण कुटुंबप्रमुखाने घरच्यांना ती कशी शिकवावी, हे त्याने प्रकरणांच्या मथळ्यांतच सांगून ठेवलं. रॉबर्ट रेक्सने १७८० साली ग्लॉस्टरमध्ये रविवारची शाळा काढली ती आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांसाठी, त्यांना निदान वाचता यावं म्हणून. आज आपल्या बहुतेक घरांत आईवडील शिकलेले आहेत. तरीही मुलांच्या विश्वासाचा सगळा भार आपण रविवारच्या त्या एका तासावर टाकून मोकळे होतो.

हरवलेल्या मुलाचा दृष्टांत घ्या. थोरला भाऊ रुसून बाहेर उभा आहे, बाप त्याची समजूत घालतो आहे, आणि तिथेच प्रभू थांबतात. तो आत गेला की नाही, लूक सांगत नाही. मुलांच्या कित्येक पुस्तकांत थोरला भाऊच गाळलेला असतो आणि खाली जाड ठशात तात्पर्य असतं. घरात भावाभावांची भांडणं पाहणाऱ्या मुलाला नेमका तोच हवा असतो.

मराठीत मुलांसाठी असं लिहिण्याचं काम नवं नाही. ‘बालबोधमेवा’ हे मुलांचं मासिक एकोणिसाव्या शतकापासूनचं. घरातल्या विश्वासाबद्दल लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’इतकं प्रांजळ पुस्तक तर शोधूनही सापडणार नाही. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाई काही वर्षांनी, भांडून, रडून, स्वतः विचार करून त्या वाटेवर आल्या. मोठ्या मुलांना त्यातले उतारे जरूर वाचून दाखवा. इंग्रजी माध्यमातल्या ज्या मुलांना मराठी वाचणं जड जातं, त्यांना आजीने वाचून दाखवावं. आजीला अडवून विचारता येतं, हा त्यातला मोठाच फायदा.

लेखकांना आणि प्रकाशकांना विनंती आहे : तात्पर्य गाळा आणि ती जागा मुलाच्या प्रश्नासाठी कोरी सोडा. शिक्षकांनी पुस्तक वर्गाच्या कपाटात न ठेवता घरी पाठवावं. आणि पालकांनो, उत्तर येत नसेल तर तसं मुलाला सांगा, मग दोघं मिळून शास्त्र उघडा. या सुट्टीत मुलांनी विचारलेले प्रश्न आम्हाला कळवा. पुढचे पाठ आम्ही त्यांवरच बेतणार आहोत.